अँजिओप्लास्टीनंतरचे तीन महिने: नागपुरातील एका हृदय-पुनर्वसन केंद्राचे परीक्षण

नागपुरात हृदयविकारावरील उपचारांची वानवा आहे असे कोणी म्हणणार नाही. धंतोली आणि रामदासपेठेच्या गल्ल्यांमधून नुसते चालत गेले तरी रुग्णालयांच्या पाट्या मोजून होत नाहीत. मेडिकलचे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, आणि पूर्व विदर्भातलेच नव्हे तर शिवनी, छिंदवाडा, बालाघाटकडचे रुग्णही छातीत दुखले की नागपूरचीच वाट धरतात. मात्र स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवून, डिस्चार्ज कार्ड हाती घेऊन रुग्ण घरी गेला की त्याचे पुढे काय होते, हे पाहण्याची जबाबदारी घेणारी सेवा शोधू लागले की ही श्रीमंती एकाएकी आटते. माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, आणि त्यानंतर शहरातील एका खासगी रुग्णालयाशी जोडलेल्या हृदय-पुनर्वसन केंद्रात त्यांनी तीन महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण केला. प्रस्तुत परीक्षण त्या केंद्राचे आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण यातील बरीचशी टीका अशा कोणत्याही केंद्राला लागू पडावी अशी आहे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. त्यामुळे स्वागतकक्षातील सोफ्यापेक्षा, येथे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आधार आहे की नाही, याकडे माझे लक्ष अधिक होते.

कार्यक्रमाची आखणी सर्वत्र असते तशीच आहे: आठवड्यातून तीन सत्रे, प्रत्येक सत्र सुमारे तासाभराचे, देखरेखीखाली व्यायाम, आणि त्याच्या जोडीला आहार, औषधे, तंबाखू व मनःस्थिती यांविषयी समुपदेशन. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ट्रेडमिलवर चालवतात हे ऐकून आमच्या घरी भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाच्या कपाळाला आठी पडली, आणि त्या आठीमागे वैद्यकाचाच एक जुना इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणात सक्तीने निजवून ठेवण्याची पद्धत होती. हृदयाची जखम भरेपर्यंत शरीर हलता कामा नये, अशी त्यामागची समजूत होती. बोस्टनमधील सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी 1952 मध्ये 81 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या रुग्णांना त्यांनी पहिल्या काही दिवसांतच पलंगावरून उचलून आरामखुर्चीत बसवले होते, आणि त्यामुळे अपाय झाल्याचे दिसले नव्हते. उलट सततच्या निजण्यामुळे पायात होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या, फुफ्फुसाचे विकार आणि खचलेले मन, हे सारे उपचारामुळेच ओढवत असल्याचे पुढे स्पष्ट होत गेले. तुलनेसाठी दुसरा गट नसलेला तो अभ्यास आजच्या कसोटीवर पुरावा म्हणून पुरेसा ठरणार नाही. तरी रुग्णाला हलते ठेवण्याची पुढची सगळी वाटचाल त्याच सुमारास सुरू झाली. 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा त्यांचे सल्लागार असलेले हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट हे चालण्याच्या व्यायामाचे खंदे पुरस्कर्ते होते, आणि पुढच्याच वर्षी आयसेनहॉवर पुन्हा निवडून आले. आमच्याकडे मात्र 'आता पूर्ण आराम' हा सल्ला आजही शेजारपाजारच्या प्रत्येक तोंडी असतो.

प्रवेशाच्या वेळची तपासणी हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग आहे. डिस्चार्ज कार्ड आणि टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल डॉक्टरांनी आमच्यासमोर बसून ओळीने वाचला, ईसीजी नव्याने काढला, साखर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे वेगळ्या कागदावर उतरवून घेतले. 'पंपिंग' या एका शब्दाने किती घरांची झोप उडालेली असते, हे त्या प्रतीक्षागृहात बसल्यावर कळते. अहवालात 45 टक्के लिहिलेले असले की निम्म्याहून अधिक हृदय गेले, असा अर्थ लोक काढतात. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील सगळे रक्त कोणाचेच हृदय बाहेर फेकत नाही, निरोगी माणसाचाही हा आकडा साधारण 55 ते 70 च्या दरम्यान असतो, त्यामुळे 45 ची तुलना 100 शी करायची नसते, हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून सांगितले. त्या पाच मिनिटांच्या समजावणीचे मोल मला संपूर्ण कार्यक्रमाच्या शुल्काइतके वाटले. त्यानंतर सहा मिनिटांची चालण्याची चाचणी झाली: खुणा केलेल्या सरळ मार्गिकेत रुग्णाने स्वतःच्या चालीने, लागेल तेथे थांबत, सहा मिनिटे चालायचे आणि कापलेले अंतर, नाडी, रक्तदाब, लागलेला दम यांची नोंद करायची. यंत्र नाही, सुई नाही. तरीही तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा घेतली की प्रगती आकड्यात दिसते. दोन्ही वेळचे अंतर एकाच कागदावर लिहून तो कागद रुग्णाच्या हाती देण्याची येथील पद्धत अनुकरणीय आहे.

याच टप्प्यावर एक मोठी त्रुटीही दिसली. प्रवेशाच्या छापील अर्जात 'धूम्रपान: होय किंवा नाही' एवढाच प्रश्न आहे. ज्या शहरात पानठेल्यावर सकाळी पोहे खाण्याआधी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेतला जातो, त्या शहरातील हृदय केंद्राने तंबाखू खाण्याविषयी स्वतंत्र रकाना ठेवू नये, याचे आश्चर्य वाटते. दिवसाला चार पुड्या खर्रा खाणारा माणूस या प्रश्नासमोर 'नाही' लिहितो आणि त्यात तो खोटे काहीच बोलत नसतो. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाचे तंबाखूविषयीचे विश्लेषण 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात केवळ तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीहून थोडी अधिक आढळली होती. सुदैवाने व्यायामाच्या दालनातील फिजिओथेरपिस्ट मुली अर्जापेक्षा शहाण्या आहेत. "काका, सिगारेट नसाल ओढत, पण खर्रा?" असा प्रश्न त्यांनी आमच्या समोरच भंडाऱ्याकडच्या एका गृहस्थांना विचारला. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "तो तं खातोच बाप्पा, त्याचं काय?" मुलीने अर्जाच्या कडेला पेनने नोंद केली. एका चांगल्या कर्मचाऱ्याच्या लक्षात राहण्यावर हा प्रश्न सोडून चालणार नाही. तो छापून घ्यायला हवा.

व्यायामाचे दालन फार मोठे नाही, पण स्वच्छ, हवेशीर आणि मुख्य म्हणजे वातानुकूलित आहे. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला फिरायला जाण्याचा सल्ला कोणी हृदयरुग्णाला देऊ नये; तेव्हा ही वातानुकूलन यंत्रणा चैन नसून उपचाराचाच भाग आहे. ट्रेडमिल, बैठी सायकल, हातांनी फिरवायची सायकल आणि हलके डंबेल्स एवढीच साधने आहेत. सुरुवातीच्या आठवड्यांत छातीला इलेक्ट्रोड लावून व्यायाम चालू असताना ईसीजी पडद्यावर पाहिला जातो, सत्राच्या आधी आणि नंतर रक्तदाब मोजला जातो, हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने पूर्ववत करणारा डीफिब्रिलेटर भिंतीशी तयार असतो. सुरुवातीला दहा मिनिटे अंग मोकळे करणे आणि शेवटी हळूहळू वेग उतरवणे यांत कधीही काटछाट झालेली मी पाहिली नाही. व्यायाम एकदम थांबवला की पायांतील पसरलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचून रक्तदाब खाली येतो आणि घेरी येऊ शकते, हे कारणही रुग्णांना सांगितले जाते.

वेग किती ठेवावा हे ठरवण्याची पद्धत मला विशेष आवडली. झटक्यानंतर अनेकांना बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असते. ती नाडीचा वेग वाढू देत नाही, त्यामुळे 'वयानुसार नाडी इतकी झाली पाहिजे' हा व्यायामशाळेतील हिशेब अशा रुग्णांना लागू पडत नाही. म्हणून येथे बोर्ग यांची मोजपट्टी वापरतात. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेल्या या पट्टीवर 6 पासून 20 पर्यंतचे आकडे असतात आणि रुग्णाने स्वतःला श्रम किती जड जात आहेत ते सांगायचे असते. ही पट्टी भिंतीवर इंग्रजीत आणि हिंदीत लावलेली आहे, मराठीत नाही. तरीही काम अडत नाही, कारण फिजिओथेरपिस्टची खरी मोजपट्टी वेगळीच आहे: "काका, माझ्यासंगं बोलत बोलत चाला. बोलता येऊन राहिलं तोवर ठीक. वाक्य मधीच तुटलं का आपण वेग कमी करू." चालताना सलग बोलता येणे आणि गाता न येणे, ही मध्यम श्रमाची खूण वैद्यकीय मार्गदर्शनातही मान्य आहे. आमच्या यजमानांनी या निमित्ताने दालनातील सर्वांना आपल्या नोकरीतील बदल्यांचा इतिहास ऐकवला, आणि त्याला उपचार समजून कोणी हरकत घेतली नाही.

आता या साऱ्याचा उपयोग किती, हा प्रश्न. व्यायामावर आधारित पुनर्वसनावरील चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा जो आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 85 चाचण्या आणि 23,000 हून अधिक रुग्ण होते. पुन्हा झटका येणे आणि पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागणे यांचे प्रमाण पुनर्वसन घेतलेल्यांत कमी आढळले, आणि दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या चाचण्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी दिसले. हा भक्कम आणि पुरेसा पुरावा आहे. कोणत्याही केंद्राने एवढेच सांगितले तरी रुग्णाने नाव नोंदवावे. आमच्या केंद्राचे माहितीपत्रक मात्र एवढ्यावर थांबत नाही. त्याच्या मुखपृष्ठावर 'ब्लॉकेज उलटवा' असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि हा दावा थोडा तपासून पाहणे आवश्यक आहे.

जीवनशैलीत बदल करून धमन्यांतील अडथळा मागे हटवता येतो, या म्हणण्याचा मुख्य आधार म्हणजे अमेरिकेतील डीन ऑर्निश यांचा अभ्यास. तो 1990 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात एकूण 48 रुग्ण होते: 28 जण उपचारगटात, 20 जण तुलनेच्या गटात. उपचारगटाने अत्यंत कमी स्निग्ध पदार्थांचा शाकाहारी आहार, ध्यान, व्यायाम, धूम्रपानत्याग आणि गटचर्चा हे सारे एक वर्ष काटेकोरपणे पाळले. वर्षाअखेरीस त्यांच्या धमन्यांतील अडथळ्याची सरासरी 40.0 टक्क्यांवरून 37.8 टक्क्यांवर आली; दुसऱ्या गटात ती वाढली. दिशा आशादायक आहे, हे मान्यच. पण सव्वादोन टक्क्यांच्या या घटीला 'उलटवणे' म्हणायचे आणि ते वाक्य नुकत्याच अँजिओप्लास्टी झालेल्या घाबरलेल्या माणसासमोर ठेवायचे, हे मला शिष्टसंमत वाटत नाही. शिवाय आठवड्यातून तीन तासांच्या आपल्या कार्यक्रमाला त्या कठोर वर्षभराच्या व्रताचे फळ लावून घेणे हा आणखी वेगळा अपराध. गंमत अशी की केंद्रातील डॉक्टर स्वतः हा दावा कधीच करत नाहीत. माहितीपत्रक बहुधा जाहिरात विभागाने लिहिले असावे.

डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाचे एक उदाहरण द्यायलाच हवे. आमच्या अहवालात स्टेंट बसवलेल्या धमनीखेरीज दुसऱ्या एका धमनीत 40 टक्के अडथळा लिहिला होता आणि 'त्यातही एक टाकून घ्या, काळजी नको' असा आग्रह आप्तांपैकी काहींनी धरला होता. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की एवढ्या अडथळ्याने रक्तप्रवाह अडत नाही आणि तेथे स्टेंट घालून झटका टळत नाही. झटका अनेकदा धमनीच्या भिंतीवरील अशाच मध्यम आकाराच्या, वरचे आवरण कमकुवत असलेल्या चरबीच्या थरावर गुठळी धरल्याने येतो, आणि त्या थराला स्थिर ठेवण्याचे काम स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी करते. स्थिर हृदयविकार असलेल्या 2,287 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या करेज या चाचणीत, उत्तम औषधोपचाराच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नव्हते. ज्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर अँजिओप्लास्टी करण्याची कॅथलॅब आहे, त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर बसून हे सांगणारा डॉक्टर मिळणे, याला मी या सेवेचे मोठे गुण देते.

औषधांच्या बाबतीतही केंद्र जागरूक आहे. दर महिन्याला रुग्णाने गोळ्यांच्या पट्ट्या प्रत्यक्ष आणायच्या असतात, केवळ चिठ्ठी चालत नाही. कोणत्या पट्टीतून किती गोळ्या संपल्या ते पाहिले जाते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एखादी स्वतःहून बंद केली असेल तर तेथल्या तेथे हृदयरोगतज्ज्ञांना कळवले जाते. हे शाळेतल्यासारखे वाटेल, पण त्याची गरज आकड्यांतून दिसते. प्युअर या बहुराष्ट्रीय अभ्यासाचा 2011 मधील लेख असे सांगतो की हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांपैकी अल्प उत्पन्न गटातील देशांत 80 टक्के लोक चार सिद्ध औषधांपैकी एकही घेत नव्हते, आणि भारताची गणना तेव्हा त्या गटात होती. स्टेंट हजारो रुपयांचा बसवून घ्यायचा आणि काही रुपयांची अ‍ॅस्पिरिन 'आता बरे वाटते' म्हणून सोडून द्यायची, असे आपल्याकडे सर्रास घडते.

आहाराविषयी मत संमिश्र आहे. हाती दिलेल्या छापील तक्त्यात ओट्स, ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोली आहे. हा तक्ता कोठून तरी जसाच्या तसा उचलला असावा, कारण त्यात ज्वारीची भाकरी नाही, जवसाची चटणी नाही, तुरीचे वरण नाही. आहारतज्ज्ञ समोर बसून बोलू लागल्या की चित्र बदलते. सावजी रस्सा वर्ज्य म्हणण्याऐवजी त्यावर तरंगणारे तेल आणि त्यातील मीठ यांवर त्यांनी बोट ठेवले, पोह्यांवरची तर्री बाजूला ठेवायला सांगितली, आणि लोणचे, पापड, शेव यांतून पोटात जाणाऱ्या मिठाचा हिशेब मांडून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा आहे. या बाईंचे बोलणे कोणी मराठीत टंकून घेतले तर छापील तक्त्याची गरज उरणार नाही.

योगाचे सत्र आठवड्यातून एकदा होते आणि ते चांगले घेतले जाते. फक्त शिक्षक 'योगाने दुसरा अटॅक टळतो' असे ठामपणे सांगतात, तेव्हा मी वहीत प्रश्नचिन्ह काढले. या प्रश्नावर आपल्याच देशात मोठे काम झाले आहे. डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील 24 रुग्णालयांत, नुकताच झटका येऊन गेलेल्या 3,959 रुग्णांवर योग-केअर ही चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला बारा आठवड्यांत योगावर आधारित पुनर्वसनाची 13 सत्रे दिली, दुसऱ्याला नेहमीच्या सल्ल्याहून थोडा अधिक सविस्तर सल्ला. मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा तातडीने दाखल होणे यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण योगाच्या गटात 6.7 टक्के, तर दुसऱ्या गटात 7.4 टक्के राहिले. हा फरक केवळ योगायोगाने पडला नाही असे म्हणण्याइतका मोठा नव्हता, आणि तो पकडण्याइतकी सांख्यिकीय ताकद चाचणीत नव्हती, हे संशोधकांनीच लिहून ठेवले. मात्र योग करणाऱ्यांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटत होती आणि झटक्याआधीच्या दैनंदिन कामांकडे ते अधिक चांगल्या रीतीने परतले होते. ज्या रुग्णाला ट्रेडमिलच्या केंद्रापर्यंत पोहोचणेच शक्य नाही, त्याच्यासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. शिक्षकांनी एवढेच खरे सांगितले तरी वर्गातले कोणी उठून जाणार नाही.

पोहोचण्याचा प्रश्न या सेवेचे खरे दुखणे आहे. सत्रांच्या वेळा कार्यालयीन आहेत. नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा दुपार मोकळी ठेवणे जमत नाही, आणि आपल्याकडे झटका लवकरच्या वयात येतो हे इंटरहार्टनेच दाखवले आहे: दक्षिण आशियातील लोकांत पहिल्या झटक्याचे सरासरी वय 53, इतर देशांत जवळपास 59. गडचिरोली-गोंदियाकडच्या रुग्णाला तर हा कार्यक्रम जवळपास बंदच. घरच्या घरी, दूरध्वनीवरील मार्गदर्शनाने केलेले पुनर्वसन केंद्रातील पुनर्वसनाच्या तोडीचे परिणाम देते, असे चाचण्यांतून दिसले आहे. या केंद्राकडेही घरच्या कार्यक्रमाची पुस्तिका आहे; पण ती दिल्यानंतर ठरलेला फोन येत नाही. भंडाऱ्याचे ते गृहस्थ मधल्या एका आठवड्यापासून दिसेनासे झाले, तेव्हा त्यांना फोन केला का, असे मी विचारले. कोणी केला नव्हता.

दालनातील स्त्रियांविषयी एक निरीक्षण नोंदवते. भिंतीकडच्या बाकांवर आम्ही बायका भरपूर असतो, ट्रेडमिलवर क्वचित एखादी. पुनर्वसनासाठी स्त्रियांना कमी प्रमाणात पाठवले जाते आणि आल्या तरी त्या मध्येच सोडतात, हे अनेक देशांत दिसून आलेले आहे. येथे त्यांच्यासाठी वेगळी वेळ नाही, लुगडे किंवा साडी नेसून आलेल्या बाईला ट्रेडमिलवर कसे चालवायचे याची तयारी नाही. बैठी सायकलही साडीत जमत नाही. घरच्यांच्या हातात पाणी देणारे दुसरे कोणी नसल्याने घरी परतण्याची घाई असते ती वेगळीच.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येते. स्वागतकक्षात रुग्णालयाचा फलक आहे: '98 टक्के यश'. यश कशाचे? धमनी उघडण्याचे, रुग्ण जिवंत घरी जाण्याचे, की एक वर्षानंतर तो जिवंत आणि चालता-फिरता असण्याचे? हे तीन वेगळे आकडे आहेत आणि पहिला सर्वांत देखणा असतो. भारतात हृदयविकारावर ज्या डॉक्टरांनी मोलाचे काम केले, त्यांनी तिसऱ्या आकड्याचा पाठलाग केला. डेनिस झेवियर, प्रेम पैस, सलीम युसूफ आदींच्या क्रिएट या नोंदवहीत 50 शहरांतील 89 केंद्रांमधून 20,937 रुग्ण होते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यक वेळ तब्बल 360 मिनिटे निघाला (म्हणजे निम्म्या रुग्णांना याहूनही अधिक वेळ लागला), आणि तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण गरीब रुग्णांत 8.2 टक्के, तर श्रीमंतांत 5.5 टक्के आढळले. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार वेगळे होते. तामिळनाडूत थॉमस अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून 2,420 रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. वर्षभरातील मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. हा 14.2 आकडा कोणत्याही फलकावर शोभणार नाही, पण तो खरा आहे आणि त्याच्यामागे प्रत्येक रुग्णाला वर्षाअखेरीस शोधून काढण्याचे कष्ट आहेत.

आमच्या केंद्राला मी लेखी विचारले: गेल्या वर्षी किती रुग्णांनी नाव नोंदवले, किती जणांनी तीन महिने पूर्ण केले, आणि एक वर्षाने किती जण जिवंत असून औषधे घेत आहेत? उत्तर सौजन्याने मिळाले: माहिती संगणकात आहे, पण कधी काढलेली नाही. तीन महिने संपल्यावर रुग्णाची फाइल बंद होते. सहा मिनिटांच्या चालण्याचे अंतर इतक्या निष्ठेने मोजणाऱ्या संस्थेने रुग्णाच्या पुढच्या वर्षाकडे पाहू नये, ही विसंगती मला कळत नाही. त्यासाठी संशोधन संस्था असण्याची गरज नाही. एक वही, एक फोन आणि आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा असलेला एक कर्मचारी एवढे पुरेल.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या काही गोष्टी. औषध वेष्टित स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये प्रथम 29,600 रुपये ठरवली होती. या तीन महिन्यांचे आमचे एकूण शुल्क त्याहूनही कमी झाले. मात्र आमच्या विमा कंपनीने अँजिओप्लास्टीचे बिल चुकते केले आणि पुनर्वसनाचे, दाखल न होता घेतलेला उपचार म्हणून, नाकारले. तेव्हा नाव नोंदवण्याआधी आपल्या पॉलिसीतील ओपीडीचे कलम वाचावे. वाहन उभे करायला जागा नाही, ऑटोने जाणे सोयीचे. डिस्चार्ज कार्ड, इकोचा अहवाल आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत ठेवाव्यात, पायांत बूट असावेत, आणि व्यायामाआधी दोन तास जड जेवण टाळावे. खर्रा खात असाल तर अर्जात विचारलेले नसले तरी सांगावे. शक्य असल्यास सकाळचे पहिले सत्र मागून घ्यावे. त्या वेळी दालनात गर्दी कमी असते आणि आहारतज्ज्ञ बाईंना बोलायला सवड असते.